बिमलाचं वावर

दिवाळीच्या आगेमागे बोईसरच्या पूर्वेला भात कापायला येतं आणि त्याच आठवड्यात माझ्या दारात समाजकार्याच्या कॉलेजातली फील्डवर्कची मुलं येतात. याला कोणाचा इलाज नाही. कॉलेजचं वेळापत्रक मुंबईत ठरतं आणि भाताचं आभाळात. मुलं नव्या वह्या आणि नव्या चपला घेऊन येतात आणि पहिल्याच संध्याकाळी तोंड पाडून परततात. "ताई, पाड्यावर कोणी भेटलंच नाही. सगळे शेतात."

कालही तसंच झालं. यंदा दोघी आल्या आहेत. त्यातली चष्मेवाली ओट्यावर बसून सलवारीत अडकलेली कुसळं काढत होती. "मग मी शाळेच्या व्हरांड्यात बसून पाड्याचा नकाशा काढला," ती म्हणाली. नकाशा चांगला होता, मी तसं सांगितलं. मग चहा टाकायला आत गेले, तर खिडकीतून कापलेल्या भाताचा वास आला. ओलसर, गोडसर, दुधासारखा. तांदूळ अजून तांदूळ व्हायचा असतो तेव्हाचा वास. आधण उकळून गेलं तरी मी चहाची पूड हातात धरून उभी होते. हा वास आला की मला बिमला आठवते, आणि बिमला आठवली की हातातलं काम थांबतं. एरवी माझं काम सहसा थांबत नाही.

मी तेव्हा नुकती पंचविशी ओलांडलेली. बोईसर धड गाव राहिलं नव्हतं आणि धड शहरही झालं नव्हतं. औद्योगिक वसाहतीत नवनवे कारखाने उभे राहत होते, खोल्याखोल्यांतून उत्तरेकडचे कामगार राहत होते, चहाच्या टपरीवर हिंदी ऐकू यायची. वाऱ्याची दिशा तेव्हा नाकानंच कळायची. कुंभवलीच्या कारखान्यांकडून आला तर डोळ्यांत पाणी आणणारा औषधी दर्प, समुद्राकडून आला तर सुकत घातलेल्या बोंबलांचा, आणि पूर्वेकडून, डोंगराच्या अंगानं आला तर या दिवसांत भाताचा. आमच्या संस्थेची एकच खोली होती. सकाळी तिथे शिवणवर्ग भरायचा, दुपारी आम्ही. कॉलेजातून येणाऱ्या मुलांची सोय लावणं आणि त्यांच्या कामावर देखरेख करणं हे माझं काम. सोबत काय आणायचं याची यादी मी आधीच पाठवत असे. टॉर्च, रबरी चपला, पाण्याची बाटली, सुईदोरा. मुलं मला माघारी यादीताई म्हणत. मला ते माहीत होतं, आणि ते मला आवडायचंही.

त्या वर्षी आलेल्या मुलीनं, बिमलानं, यादीतलं सगळं आणलं होतं आणि शिवाय एक विळा. नेपाळची मुलगी, काठमांडूची. तिच्या देशात तेव्हा समाजकार्य शिकवणारं कॉलेजच नव्हतं, म्हणून दोन वर्षांच्या शिक्षणासाठी मुंबईला आलेली. स्टेशनातून बाहेर पडल्यावर ती रस्ताभर पाट्या मोठ्यानं वाचत चालली. "पिठाची गिरणी. येथे सायकली भाड्याने मिळतील. थुंकू नये." उच्चार अगदी स्वच्छ. मी म्हटलं, मराठी येते वाटतं? ती हसली. "अक्षर आता है, दिदी. मतलब नहीं आता." लिपी तिची आणि आमची एकच. अर्थ मात्र तिला इथे मिळवायचा होता.

विळा कशाला, हेही मी विचारलं. तिनं सांगितलं ते मला तेव्हा गमतीचं वाटलं. तिकडे काही वर्षांपूर्वी एम.ए. करणाऱ्या प्रत्येकाला एक वर्ष डोंगरातल्या गावात काढावं लागायचं. परीक्षेइतकंच सक्तीचं. ती एका शेतकऱ्याच्या घरी राहिली होती, तिथल्या शाळेत शिकवत होती आणि याच विळ्यानं त्यांच्या शेतात कापत होती.

"त्या वर्षाचा अभ्यासक्रम काय होता?" मी विचारलं.

ती विचारात पडली. "कुछ नहीं, दिदी. रहना."

मी तिला पूर्वेकडचा, डोंगराच्या पायथ्याचा वारली पाडा दिला. तिथे मला एक घर बरेच दिवस खुपत होतं. जनीचं. जनी विशी-बाविशीची. नवरा लाडक्या, धाकटा दीर, आणि पहिलीच मुलगी बुधी, जेमतेम बसायला लागलेली. बुधीचा डावा पाय जन्मापासून आत वळलेला होता. तळवा जमिनीकडे नव्हताच, तो दुसऱ्या पायाकडे बघायचा. पालघरच्या सरकारी दवाखान्यात दर मंगळवारी हाडांचे डॉक्टर येत. त्यांनी शिबिरात बुधीला पाहिलं होतं आणि स्पष्ट सांगितलं होतं की हाड कोवळं आहे तोवर दर आठवड्याला थोडा थोडा पाय फिरवून प्लास्टर घालायचं. चार-पाच महिने लागतील, पण पोर चालेल. उशीर केला तर मग मोठं ऑपरेशन, आणि तेही जमलं तर जमलं.

जनी एकदाही गेली नव्हती. आता कापणी होती. कापणी संपली की झोडणी, आणि झोडणी संपली की नवराबायको वीटभट्टीवर जाणार, ते पावसाच्या तोंडाशी परतणार. भट्टीवर एकटा पुरुष कोणी घेत नसे. जोडी लागे. म्हणजे जनीला जाणं भाग, बुधी तिच्या कडेवर, आणि तोवर हाड घट्ट होणार. मी चारदा समजावून आले होते. "व्हय बाई," ती म्हणायची आणि खाली बघायची. तो होकार नव्हता. मला जायला सांगायची ती सभ्य रीत होती.

बिमला पहिल्या दिवशी पाड्यावर गेली. घरात कोणी नाही म्हणून शेतात गेली. जनी कापत होती, तिच्या शेजारच्या काशी, धर्मी कापत होत्या, बुधी बांधावर फडक्याच्या सावलीत बसलेली. बिमलानं विळा काढला आणि ओळीत उभी राहिली. दिवसभर कापलं. संध्याकाळी परत आली ती हातांवर पातीचे ओरखडे घेऊन. रोजच्या कामाची तपशीलवार नोंद ठेवायची असा नियम होता. तिनं लिहिलं, "आज कापणी केली. बोलणं झालं नाही."

"याला फील्डवर्क नाही म्हणत," मी म्हटलं.

"कल भी जाऊँगी," ती म्हणाली आणि हाताला खोबरेल लावत बसली.

तिसऱ्या दिवशी सकाळी शिवणवर्ग चालू असताना दारात जनी उभी. पदर खोचलेला, कमरेला विळा. बाजारपेठेतल्या त्या खोलीत, मशिनींच्या खडखडाटात, ती इकडेतिकडे बघत होती.

"बिमलाबाय हाय का?"

बिमला पुढे आली. जनी म्हणाली, "आज तुझ्यात आलंय. वावर कुठं हाय तुजं?"

मला काहीच उमगेना. बिमलाला मात्र लगेच कळलं. तिचा चेहरा उजळला आणि मग एकदम गोंधळला. पाड्यावर कापणीची रीतच अशी होती. आज मी तुझ्यात, उद्या तू माझ्यात. तिकडे मजूर लावायची ऐपत कोणाचीच नाही, म्हणून दिवसाला दिवस. त्याला वेगळं नावही नव्हतं, श्वास घेण्याला असतं तेवढंच. बिमलाच्या डोंगरात त्याला पर्म म्हणत. तिला वाटलं होतं, आपण मदत करतोय. जनीच्या लेखी तिनं दोन दिवस दिले होते, आणि ते आता परत घ्यायला हवे होते.

"माझं शेत नाही इथे," बिमला अर्ध्या हिंदीत, अर्ध्या मराठीत म्हणाली. "नेपाळला आहे."

"ते कुठं?"

"लांब. रेल्वेनं दोन-तीन दिवस."

जनीनं क्षणभर विचार केला. "आधी सांगाया नको? भाकर बांदून आनली आस्ती."

शिवणवर्गातल्या सगळ्या बायका हसल्या. जनी हसली नाही. ती खरंच वाट बघत होती. मग बिमला तिच्या जवळ गेली आणि अगदी गंभीरपणे म्हणाली, "मंगळवारी माझं काम आहे. पालघरला. तू ये."

"कसलं काम?"

"दवाखान्यात ओळीत बसायचं. बुधीला घेऊन."

"ह्ये तं माजं काम झालं."

"नाही. कॉलेजनं मला दिलंय. माझं आहे."

जनीनं तिच्याकडे नीट पाहिलं. त्या नजरेत एक मिश्कील हिशेब होता. "बरं," ती म्हणाली, "तुजं तर तुजं."

मंगळवारी बुधीच्या पायाला पहिलं प्लास्टर चढलं.

त्यानंतरचे आठवडे माझ्या डोळ्यांसमोर दोन रंगांत आहेत. शेतातला पिवळा आणि दवाखान्यातला पांढरा. बिमला आठवड्यातला एक दिवस जनीच्या रांगेत कापायची, आणि मंगळवारी जनी तिच्या रांगेत बसायची. रांग जनीच्या शेतापुरती नसे. काशीच्या, धर्मीच्या, सगळ्यांच्या वावरातून ती फिरायची, आणि उरलेल्या दिवसांत बिमलाही तिच्याबरोबर फिरली. एस.टी.त बुधीचा जड पांढरा पाय आळीपाळीनं दोघींच्या मांडीवर असे. प्लास्टर दवानं भिजू नये म्हणून मी कारखान्यातल्या एका ओळखीच्या मुलाकडून रिकाम्या प्लास्टिकच्या पिशव्या मिळवल्या होत्या. एका पिशवीवर ठळक अक्षरांत 'पेटते, जपून' असं छापलं होतं. बिमला ते बुधीला वाचून दाखवायची आणि बुधी खदाखदा हसायची. दवाखान्याच्या व्हरांड्यात ओल्या चुन्यासारखा वास, कोपऱ्यात कापलेल्या जुन्या प्लास्टरांचा ढीग. जनी पहिल्यांदा गेली तेव्हा त्या ढिगाकडे बघून म्हणाली होती, "एवड्यांचे पाय ऱ्हायले वाटतं हितं."

बिमला मराठी शिकली ती या रांगांत. त्यामुळे ती पाड्याचं बोलायची. मुंबईहून कॉलेजचे सर तिचं काम बघायला आले, तेव्हा त्यांनी विचारलं, "काय बिमला, कसं चाललंय?" आणि ती नम्रपणे म्हणाली, "बरं हाय सर. तुमी कवा आलं?"

सरांना हसू आवरेना. मग त्यांनी नोंदी वाचल्या, चहाचा ग्लास बाजूला ठेवला आणि हसणं संपलं.

"कापणी कशात बसवायची? व्यक्तिकार्यात, गटकार्यात की समुदाय संघटनात?"

"मला नाय ठावं सर."

"आपण ज्यांच्यासाठी काम करतो त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही, हे पहिल्याच सत्रात शिकवलंय. तू तर तिचा दिवसच घेतेस."

बिमलानं वही मिटली. मग हिंदीत, सावकाश म्हणाली, "सर, मी फक्त देत राहिले तर ती माझ्या समोर येणार नाही. मी राहायचे त्या गावात ज्याचं पर्म फिटलेलं नसे, तो माणूस आम्हाला पाहून वाट बदलायचा. ताई चारदा तिच्याकडे गेल्या. ती खाली बघायची. आता ती माझ्याकडे बघते."

मला तो टोला बसला, पण त्यात दुष्टावा नव्हता. सरही चांगले होते. त्यांनी मान डोलावली, पण खरा प्रश्न सोडला नाही. "मान्य. पण फेब्रुवारीत तू जाशील. मंगळवार तेव्हाही येतील. ती कोणासाठी येईल? आणि त्याआधी, झोडणी संपली की ती भट्टीवर जाईल, तेव्हा काय करशील?"

त्या संध्याकाळी बिमला जेवली नाही. पाड्यावर शेवटची वावरं कापून होत आली होती. आता तिला द्यायला दिवसच उरणार नव्हते, आणि जनीला परत करायलाही.

पुढच्या रविवारी तिच्या वर्गातले दोघे बोईसरला आले. निमल श्रीलंकेचा आणि शिरीन बांगलादेशाची. त्यांना आणि बिमलाला मी समुद्र दाखवायला दातिवऱ्याला नेलं. तिथे हिराबाय नावाची एक कोळीण आमच्या ओळखीची. तिच्या अंगणात बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते, उन्हात त्यांची जाळी चमकत होती. हिराबायनं ताजे मासे पुढ्यात टाकले आणि म्हणाली, "जेवायचं तं साफ करा. बगू कालेजात काय शिकवलंय ते!" आम्ही तिघी एकमेकींकडे बघत राहिलो. निमलनं बाह्या सरसावल्या आणि झरझर मासे साफ केले. तो समुद्रकाठच्या गावातला निघाला. हिराबाय ओरडली, "अगं बाय, ह्यो तं आमच्यातलाच! ह्याला ऱ्हाऊ दे हितं, पोरींना न्या परत." सुकट भाजल्याचा वास आला तेव्हा निमल उठून चुलीपाशी जाऊन बसला. घरचा वास परमुलखात भेटला की माणूस असा ओढला जातो.

जेवल्यावर सावलीत बसून आमचं एक भांडण झालं, फार मजेचं. नव्या गावात समाजकार्यकर्त्यानं पहिल्या दिवशी काय करावं?

निमल म्हणाला, "आमच्याकडे पहिल्या दिवशी खणतात." तिकडे शिकाऊ मुलांना गावकऱ्यांबरोबर रस्ता, विहीर, काहीतरी खणायला लावत. भाषणं संध्याकाळी, घाम वाळल्यावर. तो स्वतः आधी सरकारी नोकरीत काही वर्षं राबला आणि मगच त्याला शिकायला पाठवलं होतं. "आमच्याकडे आधी चुका करू देतात, मग वर्गात बसवतात."

शिरीन म्हणाली, आम्ही बसतो. अंगणात, चटईवर, गोल. खुर्ची आली तरी बसायचं नाही. एका बाईशी एकटीनं बोलायचं नाही, कारण एकटी बाई घरात जाऊन एकटीच पडते. बायका जमेपर्यंत नुसतं बसून राहायचं. तिनं शिकताना शहरातल्या मोठ्या दवाखान्यात रोग्यांच्या उशाशीही दिवस काढले होते. पण ती म्हणाली की काम समजलं ते चटईवर.

बिमला म्हणाली, "एक दिवसाचं काम करायचं, आणि मग गप्प."

"आणि तुम्ही, ताई?" निमलनं विचारलं.

"आम्ही माहितीचा तक्ता भरतो," मी म्हटलं, आणि चौघंही इतके हसलो की हिराबाय काय झालं ते बघायला बाहेर आली.

मला त्या दुपारी पहिल्यांदा वाटलं की आमची पुस्तकं किती दुरून आलेली आहेत. समुद्रापलीकडच्या, थंड देशांतली. बंद खोली, दोन खुर्च्या, ठरलेली वेळ. त्यांतलं खूपसं खरं आहे, मी आजही ते शिकवते. पण शेजारी काय चाललंय, हे आम्ही कधी विचारलं नव्हतं. डोंगर तसेच, समुद्र तसाच, कामासाठी घर सोडणारी माणसं तशीच. प्रत्येकानं आपापल्या परीनं एक-एक टोक धरलं होतं.

बिमलानं मग सरांचा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. शिरीननं तो लगेच उलटा केला. "तू जनीला एकटीलाच का विचारतेस? तू सगळ्यांच्या शेतात राबलीस ना? मग दिवस सगळ्यांकडे आहेत."

पाड्याच्या खळ्यावर झोडणी चालू होती. दुपारी भाकरीसाठी काम थांबलं, तेव्हा बिमला गोलात बसली. मी जरा मागे. हवेत भुसा तरंगत होता, नाकात खाजत होतं. बिमला उठून उभी नाही राहिली. बसल्या बसल्याच म्हणाली, "काशी, तुजा दीस माझ्याकडं परत यायचा हाय ना?"

"हाय. कवा येव सांग."

"धर्मी, तुजा?"

"हाय गो. आमी काय बुडवनार हाय?"

"मग माझे सगळे दीस जनीला द्या."

मग काशी म्हणाली, "आपला दीस दुसरीला? आसं कुठं अस्तं?"

"मी ऱ्हायची त्या घरची म्हातारी द्यायची," बिमला म्हणाली. "शेजारीन बाळंत झाली तवा तिनं सगळे दीस तिला दिले."

मग तिनं मांडलं ते मी आदल्या संध्याकाळी तिच्याबरोबर बसून नीट ओळीनं लावून दिलं होतं. तेवढं एक मला येत होतं. लाडक्याबरोबर भट्टीवर जनीऐवजी धाकटा दीर जाईल. दोघे मिळून जोडी. मग घरचं दिराचं काम कोण करणार? लाकूडफाटा, घरावर घालायचं गवत, वाल पेरणं आणि राखणं. ते काशी-धर्मीकडच्या दिवसांतून. जनी घरी राहील आणि मंगळवारी पालघरला जाईल.

लाडक्या बाजूला पेंढ्याच्या ढिगाला टेकून ऐकत होता. तो म्हणाला, "दोन बापय गेले तं रांदंल कोन?"

यावर बायकांना हवं ते मिळालं.

"हात हायत ना तुला?"

"विटा थापतो, भाकर नाय थापता येत?"

"थापनं तं येकच, जरा पातळ थाप!"

लाडक्यानं तोंड वाकडं केलं. पण त्यानं बुधीला उचललं, मांडीवर घेतलं, आणि तिच्या पायाच्या प्लास्टरवर बोटांनी टकटक केलं. "ही बग, घरातच वीट झालीया," तो म्हणाला. मग बराच वेळ नुसता तो पाय धरून बसला. "सरळ व्हईल ना बाई?" त्यानं मला विचारलं. मी डॉक्टरांचं म्हणणं तसंच्या तसं सांगितलं. होईल, पण शेवटपर्यंत नेलं तर. त्यानं भावाकडे पाहिलं. भाऊ म्हणाला, "मी जातू." आणि झोडणी पुन्हा सुरू झाली.

थंडी सरत आली तेव्हा बिमला निघाली. पाड्यावर निरोप घ्यायला गेली त्या दिवशी जनी वालात खुरपत होती. कोवळ्या वालाचा हिरवा, उग्र वास. बिमला मला म्हणाली होती की तिला एक वाक्य नीट बोलायचंय, आणि ते तिनं रस्ताभर पाठ केलं होतं. "जनी, आता मंगळवारचं काम माजं नाय. तुजं."

जनी हात झटकत उठली. "माजंच व्हतं गो. तुला बरं वाटावं म्हनून तुजं म्हनलं."

बिमला आधी हसली, मग रडली. जनीनं तिला शेवग्याच्या शेंगा दिल्या, इतक्या की त्या पिशवीतून बाहेर आलेल्या. त्यांचं मुंबईला काय झालं असेल कोण जाणे. सरांनी तिला चांगले गुण दिले आणि शेऱ्यात लिहिलं की पद्धती अपारंपरिक, परिणाम पाहावा लागेल. तो परिणाम पाहायला ती नव्हती. मी होते.

आता तिच्या देशातही समाजकार्याचं कॉलेज निघालंय, असं ऐकते. तिथल्या पहिल्या धड्यात काय असेल याचा मी अंदाज करत बसते. बंद खोली आणि दोन खुर्च्या असतीलच, त्याही लागतात. पण भात कापायला आलं की मला वाटतं, कोणीतरी तिथल्या नव्या मुलांना विळा घेऊन या असं सांगत असेल. माझ्या यादीत मात्र मी तो कधी लिहिला नाही. विळा सांगून आणवला तर तो नुसतं सामान होतो. बिमलाच्या हाताला त्याची सवय होती, आणि त्याच्या मागे एक आख्खं वर्ष होतं.

बिमला गेली तरी मंगळवार राहिले. मी दोनदाच सोबत गेले, बाकी जनी एकटी गेली. कधी काशी बरोबर असे, बाजार करायचा म्हणून. एका आठवड्यात बुधीला ताप होता, तरी जनी गेली आणि डॉक्टरांची बोलणी खाऊन आली. ते मला सांगताना तिच्या आवाजात एक प्रकारचा मोठेपणा होता. डॉक्टर आपल्याला रागावला, म्हणजे त्यानं आपल्याला मोजलं.

शिमग्याच्या आधीच्या मंगळवारी मी मुद्दाम गेले. कातरीनं प्लास्टर उघडलं आणि आतून एक बारीकसा, पांढराफटक पाय निघाला, सालपटं निघालेला, जणू पाण्यात फार वेळ राहिलेला. डॉक्टरांनी तो हातात घेऊन फिरवला, दाबला, टाचेला टिचकी मारली. अगदी उजव्यासारखा नव्हता तो. पोटरी बारीक होती, आणि ती तशीच राहणार होती. रात्री घालायचे बूट दिले, पट्टीनं एकमेकांना जोडलेले. "आणखी वर्षभर हे घालायचे. पण आता प्लास्टर नाही."

एस.टी.त बसल्यावर जनीनं तो पाय मुठीत घेतला आणि सोडलाच नाही. समोरच्या बाकावर एक कोळीण होती, पायाशी रिकामी पाटी. तिनं बघितलं, पुढे वाकली, एका बोटानं तो तळवा हळूच चाचपला आणि म्हणाली, "कोवला हाय गो. पन हाय." बुधीला काय झालं होतं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं. तिनं विचारलंही नाही.

पाड्याचा फाटा यायच्या आधीच जनी उठली. "हितंच उतरतू. वावरातून जातू."

मला बोईसरला पोचायचं होतं. दुपारी बैठक होती. मी उतरले.

वाल काढणीला आला होता. पानं पिवळी पडलेली, वाळलेल्या शेंगा चालताना पायाशी खुळखुळत होत्या. दूर भट्ट्यांच्या दिशेला आभाळ धुरकट होतं. लाडक्या आणि त्याचा भाऊ तिकडे कुठेतरी भाकऱ्या थापत असतील. वावराच्या मधोमध जरा मोकळी, भुसभुशीत जागा होती. तिथे जनी थांबली. तिनं बुधीला काखेत धरून उतरवलं. बुधीचा उजवा पाय लागला. डावा हवेतच राहिला. मग तोही खाली आला, टेकला आणि सगळाच टेकला. टाच, बोटं, मधला भाग. ऊन लागलेल्या मातीचा चटका बसला असावा, कारण बुधीनं एकदम श्वास आत घेतला, खाली बघितलं, आणि तो पाय कोणाचा आहे ते तिला कळेना.

जनीनं एक हात सोडला. मग दुसरा.

बुधी उभी राहिली. मी काही मोजलं नाही. ती डुलली, पुढे झुकली, एक पाऊल आपोआप पडलं, मग धपकन बसली आणि मूठभर माती तोंडात घातली.

जनी तिच्यासमोर उकिडवी बसली होती. तिनं पदरानं पोरीचं तोंड पुसलं, मग आपलं. माझ्याकडे वळून बघितलं तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं आणि ती हसत होती.

"इतके दीस बरं व्हतं बाई," ती म्हणाली, "ठेवली तिथं ऱ्हायची. आता हिच्या मागं कोन पळंल?"